विश्लेषण : ‘नेट नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे गुजरात सीमेजवळच्या आदिवासी पट्ट्यातील बाजाराचे गाव. आसपासच्या पाड्यांवरील माणसे दाखल्यांपासून बँकेपर्यंतच्या कामांसाठी अशा गावांत येतात. ‘नेट नाही, उद्या या’ असे उत्तर मिळाले की दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही बुडते. हे उत्तर तपासण्याची साधी रीत आहे. ती प्रत्येक केंद्रचालकाला शिकवायला हवी.

‘उद्या या’ महाग का पडते?

राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अपील करता येते. मात्र ही मुदत अर्ज दाखल झाल्यावरच मोजली जाते. नेटअभावी अर्जच गेला नाही, तर पोच नाही, मुदत नाही आणि अपीलही नाही.

पत्ता आणि वाट म्हणजे काय?

नेटवर्कवरील प्रत्येक संगणकाला अंकी पत्ता लागतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले असतात. ते खोलीपुरतेच चालतात. बाहेर जायचे तर राउटरमधून जावे लागते. राउटर ही जणू गावाची वेस. ओळखीचा नसलेला प्रत्येक पत्ता वेशीकडे पाठवायचा, हा नियम संगणकाच्या मार्ग-तक्त्यात लिहिलेला असतो.

बिघाड शोधायचा कसा?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा पत्ता दाखवते, ‘आयपी रूट’ वाट दाखवते. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’मध्ये पत्ता आणि वेस दोन्ही दिसतात. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी वायर आणि राउटर पाहावा. पत्ता ठीक असेल, तर वेशीला ‘पिंग’ करावे. उत्तर नसेल, तर दोष बहुधा खोलीतच असतो. वेस बोलते, पण ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता बोलत नाही, तर पुढची जोडणी तुटलेली असण्याची शक्यता अधिक. तोही बोलतो, पण कोणतेच संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा तपासावी. बाकी सारे चालते आणि एकच पोर्टल अडते, तर दोष बहुधा त्या पोर्टलकडे असतो. गावात तंत्रज्ञ बोलावून उपयोग नाही.

आज्ञा देण्यात धोका आहे का?

पाहण्याच्या आज्ञा निर्धोक आहेत, बदलण्याच्या नाहीत. ‘आयपी रूट’ने घातलेला नवा मार्ग संगणक पुन्हा सुरू केला की पुसला जातो, ही थोडी सोय. पण दूर बसून दुसऱ्या गावच्या यंत्राचा मुख्य मार्ग चुकून काढला, तर आपलाच संपर्क तुटतो आणि माणूस धाडावा लागतो. म्हणून चालकाने पाहावे आणि कळवावे. बदल तंत्रज्ञाने करावा.

एवढ्याने केबल जोडली जाईल का?

नाही. वीज नसेल किंवा केबल तुटली असेल, तर आज्ञा काही दुरुस्त करत नाहीत. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंतची केबल अनेक ठिकाणी सरळ रेषेत गेली. एक तुकडा तुटला की पुढची गावे बंद. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने वाट तुटली तरी दुसऱ्या बाजूने वळवता येते. ते काम सरकारचेच आहे.

तरीही ‘नेट नाही’ ही तक्रार टोलवता येते. ‘राउटरपर्यंत ठीक, पुढे सकाळी १०.४० पासून बंद’ ही तक्रार टोलवणे अवघड. या तपासण्यांचा मराठी कागद प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावा आणि परत जाणाऱ्या नागरिकाला वेळ व कारण लिहिलेली चिठ्ठी द्यावी. त्याचा खर्च कागदाएवढा. न दिल्यास तो पाड्यावरचा माणूस भरतो.