सोऱ्याची करामत

गेल्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या घराच्या खिडकीची काच गेली. गल्लीतल्या पोरांनी सुतळी बॉम्ब नेमका तिच्याखाली लावला होता. काचेचे दुःख नव्हते हो. पण आत उटणे कालवीत बसलेल्या सौ.च्या मनगटात तिचा सुरीसारखा तुकडा शिरला आणि अभ्यंगस्नानाऐवजी चार टाके पदरी पडले. तेव्हाच घरात कायदा झाला : यापुढे काच येईल ती न फुटणारी.

काचवाला आला. तुकडे पाहून मान हलवीत म्हणाला, “भाऊ, पुन्हा साधीच लावाल तं पुढच्या दिवायीले मलेच बोलवा लागन. अन् न फुटनारी काच कोन्याच दुकानात भेटत नाही.”

माणूस खरे बोलला. काचेला दाबा, ती वाटेल तेवढा भार सोसते; ताणा, की गेली. तिच्या पाठीवर डोळ्यांना न दिसणारे ओरखडे असतात आणि ताण पडला की तेच उकलत जातात. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ सालचा, ओगलेवाडीचा १९१६ सालचा. त्या ओगल्यांचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरला, त्यांना आठवत असेल : तापलेल्या चिमणीवर पावसाचा एक थेंब पडला की तट्‌! थेंबाखालचा भाग आकसू पाहतो, भोवतालचा गरम भाग त्याला आकसू देत नाही, आणि त्या ओढाताणीत काच तडकते.

मग तोड काय? काचेची पाठ आधीच दाबून ठेवायची. म्हणजे बाहेरच्या ताणाला प्रथम तो दाब फेडावा लागतो. एक रीत उष्णतेची. काच सहाशे अंशांवर तापवून वाऱ्याच्या झोताने एकदम निववतात. मोटारीच्या बाजूच्या काचा अशाच होतात. पण फार पातळ काचेला ही रीत मानवत नाही, आणि पृष्ठभाग किंचित लहरतो तो वेगळाच.

दुसरी रीत ऐकून मात्र मी थक्क झालो. काच सोऱ्यात बुडवतात! होय, तोच सोरा, बंदुकीच्या दारूतला. सुमारे चारशे अंशांवर तो पाण्यासारखा वितळलेला असतो. त्यात काच कित्येक तास ठेवली की तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे कण बाहेर पडतात आणि सोऱ्यातले पोटॅशियमचे कण त्यांच्या जागा घेतात. हे नवे पाहुणे अंगाने तिसऱ्या हिश्श्याने थोर. मूर्तिजापूरला पॅसेंजरमधून हडकुळे उतारू उतरावेत आणि त्याच बाकांवर तेवढेच पैलवान चढावेत, तसा प्रकार! सगळे एकमेकांना रेटून बसतात. तो रेटा हाच काचेचा दाब. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने १९६२ साली अशी काच जाहीर केली. आज ती आपल्या मोबाइलच्या तोंडावर असते.

मोबाइलची काच तळहाताएवढी. श्रीमंतांच्या नौकांना आणि मोठ्या इमारतींना मात्र भिंतीएवढ्या, कधी वळणदार काचा लागतात. तेव्हा तेवढाच मोठा हौद हवा आणि त्यात टनावारी वितळलेला सोरा. काच आधी हव्या त्या मापाने कापून, कडा घासून, वळण देऊन घ्यायची. नंतर कापली तर कापल्या जागी केलेली मेहनत वाया. मग तिला सावकाश तापवायचे, बुडवायचे, सावकाश निववायचे आणि अंगाला चिकटलेला सोरा धुऊन काढायचा. घाई केली की भट्टीतच तडा. या साऱ्या खटाटोपाने येणारा दाबाचा थर केसाच्या जाडीहूनही पातळ! ओरखडा त्याहून खोल गेला की संपले.

आणखी एक मेख आहे. उष्णतेची काच फुटली तर ज्वारीच्या दाण्यांसारखा चुरा होतो. सोऱ्याची फुटते ती साध्या काचेसारखीच, धारदार तुकड्यांनी. म्हणून नौकेत ती एकटी बसवीत नाहीत. दोन काचांमध्ये चिवट प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून जोडतात. फुटली तरी तुकडे जागीच चिकटून राहतात.

आमच्या कामाचे एवढेच होते. काचवाल्याने साध्याच दोन काचांची, मध्ये पापुद्रा असलेली जोडकाच बसवून दिली. सोऱ्याची हौस आपल्या खिशाला कुठली!

यंदा पोरे फटाक्यांची वर्गणी मागायला आली, तेव्हा मी त्यांना ही हकीकत रंगवून सांगत होतो. सौ. मनगटावरचा वण चोळीत दारात उभी होती. म्हणाली, “यांच्या बॉम्बांतला सगळा सोरा काढून त्या हौदवाल्यांना पाठवून द्या. पोस्टाचा खर्च मी देते.”