प्रत्यारोपणानंतरचा श्वास

चंद्रपूर आणि गडचिरोली हे सिकलसेलचे जिल्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तेव्हापासून गावोगावी रक्ततपासणीवर भर आहे. हा आजार मुळातून बरा करणारा, सध्या आवाक्यातला उपाय म्हणजे बोन मॅरो अर्थात अस्थिमज्जा प्रत्यारोपण. देशातील पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले. सख्ख्या भावंडाचा मॅरो पूर्ण जुळला, तर सिकलसेलचे शंभरपैकी नव्वदहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात, असे आंतरराष्ट्रीय नोंदी सांगतात. कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून २०१७ पासून थॅलेसेमियाच्या मुलांना प्रत्यारोपणासाठी १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. शस्त्रक्रियागृह, पैसा, दाता यांची चर्चा होते. रुग्ण ऊर्जानगर, दुर्गापूर किंवा भामरागडला परतल्यावर पुढे काय, याची मात्र होत नाही.

दात्याचा मॅरो रुजतो तेव्हा त्याच्या प्रतिकारपेशीही रुग्णाच्या शरीरात येतात. त्यांना हे शरीर परके वाटले, तर त्या त्यावरच हल्ला करतात. यालाच ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, थोडक्यात जीव्हीएचडी, म्हणतात. त्वचा, डोळे, तोंड, यकृत, आतडी यांच्यावर त्याचा परिणाम दिसतो. रक्ताच्या कर्करोगात हा हल्ला उरलेल्या कर्करोग पेशींनाही मारतो, म्हणून थोडा उपयोगी ठरतो. सिकलसेल आणि थॅलेसेमियात मात्र त्याचा काहीच फायदा नाही.

जुनाट जीव्हीएचडीचा सर्वांत फसवा घाव फुप्फुसावर पडतो. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनलिकांना सूज येते, मग त्या व्रण धरून आकसतात. या विकाराचे नाव ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स. बहुधा प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत तो सुरू होतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पुढे कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो. तोवर फुप्फुसाची बरीच ताकद गेलेली असते आणि गेलेली ताकद सहसा परत येत नाही. उपचारांचा हेतू उरलेली ताकद टिकवणे हा असतो.

आपल्या भागात खोकला म्हटले की आधी क्षय आठवतो, मग दमा. क्षयाची तपासणी करायलाच हवी. पण या विकारात छातीचा एक्स-रे अनेकदा स्वच्छ असतो आणि दम्याच्या पंपाने फारसा आराम पडत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आहे, घरी जा’ या वाक्यात मोलाचे महिने निघून जातात. विकार वेळेत पकडणारी चाचणी साधी आहे: यंत्रात जोराने फुंकायचे, म्हणजे स्पायरोमेट्री. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली, ती मागच्या वेळेपेक्षा कमी झाली का, हे त्यात कळते. प्रत्यारोपणापूर्वी एकदा आणि नंतर पहिली दोन वर्षे साधारण दर तीन महिन्यांनी ती व्हायला हवी.

इथे हवेचाही प्रश्न आहे. ऊर्जानगर हे २,९२० मेगावॅटच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. शेजारी कोळशाच्या खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले होते. देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत त्याचा क्रमांक चौथा होता. धुरातले सूक्ष्म कण नेमके याच बारीक नलिकांपर्यंत पोहोचतात. जीव्हीएचडी धुळीने होत नाही; पण आधीच आकसलेल्या फुप्फुसाला धूळ, चुलीचा धूर आणि विषाणूसंसर्ग परवडत नाहीत. प्रत्यारोपणात लहानपणच्या लसींचे संरक्षणही बहुतांशी पुसले जाते. त्या पुन्हा घ्याव्या लागतात, शिवाय फ्लूची आणि न्यूमोकोकसची लस घ्यावी लागते.

औषधे आहेत. स्टेरॉइड, श्वासातून घ्यायची औषधे, माँटेलुकास्ट आणि अलीकडे रुक्सोलिटिनिब. ॲझिथ्रोमायसिनही काही रुग्णांना देतात. पण कर्करोगासाठी प्रत्यारोपण झालेल्यांना ते प्रतिबंध म्हणून आधीच दिले, तेव्हा कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात आढळले. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

शासनाने तीन गोष्टी कराव्यात. प्रत्यारोपण केंद्राने घरी सोडताना प्रत्येक रुग्णाला मराठी कार्ड द्यावे. त्यात फुंकण्याच्या चाचणीचा मूळ आकडा आणि केंद्राचा फोन असावा. जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत चालू स्थितीतले स्पायरोमीटर आणि ते नीट वापरणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असावा. आणि मोहिमेच्या नोंदवहीत प्रत्यारोपण झालेल्यांचा दोन वर्षांचा पाठपुरावाही मोजला जावा. दर तीन महिन्यांनी मुंबई गाठणे मजुरी बुडवणाऱ्या आईबापांना जमणारे नाही. लाखो रुपये आणि भावंडाचा मॅरो देऊन वाचवलेले मूल केवळ फुंकण्याचे यंत्र तालुक्यात नाही म्हणून दम गमावून बसू नये.