पऱ्हाटीचे मोल कोणाच्या पदरात?

राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली. तरीही छत्रपती संभाजीनगरच्या भाजीबाजारातून पातळ पिशवी हद्दपार झालेली नाही. स्वस्त पर्यायावाचून बंदी कागदावरच राहते.

पर्याय विज्ञानाला अज्ञात नाही. साखर मुबलक आणि नत्र अपुरे असले की काही जीवाणू पेशीत चरबीसारखा साठा करतात. मातीत विरणारे हे प्लास्टिक फ्रान्सच्या मॉरिस लेमॉन्य यांनी १९२० च्या दशकातच ओळखले होते. कापसाच्या पऱ्हाट्यांतूनही अशी साखर निघू शकते. अडचण आहे ती अर्थशास्त्राची.

उसाचे चिपाड कारखान्याच्या दारातच जमते. म्हणून त्यापासून वीज विकणे परवडले. पऱ्हाटी शेतोशेती विखुरलेली. ती उपटणे, वाहणे, कुटणे व तिच्यातील साखर मोकळी करणे, या खर्चापुढे खनिज तेलाचे प्लास्टिक स्वस्तच ठरते. शिवाय ती ‘टाकाऊ’ तरी कोणाच्या लेखी? अनेक शेतमजुरांची चूल तिच्यावरच पेटते.

तेव्हा अनुदान द्यायचेच, तर ते केवळ कारखान्याच्या भांडवलाला न देता पऱ्हाटीच्या रास्त भावाला द्यावे. ऊस उत्पादकाला सहकाराने बळ दिले. कापूस उत्पादक तसा संघटित झाल्याखेरीज जीवाणूंनी साठविलेले धन दुसऱ्याच्याच तिजोरीत जाईल.