वाद कीं जल्प?

निवडणुकीचे दिवस जवळ आले कीं आमच्या सुशिक्षित मित्रमंडळींत एक सूचना हटकून पुढें येते : अमेरिकेप्रमाणें येथेंही प्रमुख उमेदवारांस एका व्यासपीठावर समोरासमोर उभें करावें, म्हणजे सत्यासत्याचा निवाडा आपोआप होईल. सूचना सद्धेतूची आहे. परंतु तिच्या मुळाशीं असलेली समजूत भोळी आहे, असें आम्हांस स्पष्टपणें म्हणणें भाग आहे.

आमच्या नैयायिकांनीं कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. विजयासाठीं चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां दुसऱ्याचा तेवढा पाडावयाचा, ती वितंडा. अमेरिकेंतील सामने यांपैकीं कोणत्या वर्गांत बसतात?

१८५८ सालीं इलिनॉय संस्थानांत लिंकन व डग्लस यांचे सात सामने झाले. पहिल्यानें एक तास बोलावें, दुसऱ्यानें दीड तास उत्तर द्यावें, पहिल्यानें पुन्हां अर्ध्या तासांत समारोप करावा, असा नियम होता. आणि चर्चा मुख्यतः गुलामगिरीच्या विस्ताराभोंवतीं फिरली. तेथेंही लोकानुनय होताच. चार्ल्स्टन येथें प्रत्यक्ष लिंकननें, काळ्या-गोऱ्यांच्या सामाजिक व राजकीय समतेस आपण अनुकूल नाहीं, असें सांगून श्रोत्यांची समजूत काढली. तथापि दीड तास केवळ चुटक्यांवर निभावत नाहीं; युक्तिवाद करावाच लागतो.

१९६० पासून हा सामना दूरचित्रवाणीवर आला आणि तासांचीं मिनिटें झालीं. २८ ऑक्टोबर १९८० रोजीं रेगन यांनीं समारोपांत प्रेक्षकांस विचारलें कीं, चार वर्षांपूर्वींपेक्षां आज तुमची स्थिति बरी आहे काय? या प्रश्नांतील कौशल्य पाहावें. महागाईनें गांजलेला माणूस "नाहीं" असेंच म्हणणार. परंतु महागाईचें कारण कोणतें, त्यांत कार्टर यांचा दोष किती, आणि प्रश्नकर्त्याजवळ उपाय कोणता, यांपैकीं एकाचेंही उत्तर त्या प्रश्नांत नाहीं. शिवाय निष्कर्ष श्रोत्याच्याच तोंडून वदविलेला. आणि स्वतः काढलेल्या निष्कर्षाची उलटतपासणी कोण करतो? बोलणाऱ्याचा कोंडा विकतो आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहींत, ही म्हण आम्हांस कांहीं नवी नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, अशा सामन्यांत उमेदवाराचें अज्ञानही उघडें पडतें. पडतें खरें. १९७६ सालीं, पूर्व युरोपावर सोव्हिएट वर्चस्व नाहीं, असें अध्यक्ष फोर्ड बोलून गेले. पण ती जिभेची चूक नव्हे, हें कशानें सिद्ध झालें? प्रश्न विचारणाऱ्या पत्रकारानें तेथल्या तेथें फेरप्रश्न केला आणि फोर्ड यांनीं तेंच मत विस्तारानें पुन्हां मांडलें, म्हणून! गुण व्यासपीठाचा नव्हे, फेरप्रश्नाचा आहे.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच : सामने भरवावयाचे तर विषय थोडे असावेत, वेळ भरपूर असावा, आणि उत्तर टाळणाऱ्यास तोच प्रश्न पुन्हां विचारण्याचा अधिकार कोणास तरी असावा. एवढी तयारी नसेल, तर व्यासपीठ उभारून आखाडा तेवढा होईल. आणि टाळ्या वाजवून घरीं परतलेला मतदार, आपण न्यायाधीश होतों अशा भ्रमांत, केवळ प्रेक्षक म्हणून मत देऊन येईल.