चमच्यातला च

दिवाळीच्या सुमारास घरोघर दोन विषय हमखास निघतात. एक, यंदा चकली मऊ का पडली. आणि दुसरा, कुणाचा मुलगा किंवा मुलगी पुढच्या वर्षी परदेशी शिकायला निघाली. दुसऱ्या विषयात एक वाक्य ठरलेले असते : "इंग्रजी पक्की आहे ना? मग जगात कुठे अडायचं नाही!" मी इटलीत एक वर्ष काढले, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. "वर्षभरात ती भाषा आली कशी?" असे विचारणाऱ्याला माझे उत्तर चमत्कारिक वाटते. इटालियन मला इंग्रजीने शिकवली नाही, मराठीने शिकवली.

2014 च्या ऑक्टोबरात मी पेरुजाला पोचले. मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातले हे डोंगरमाथ्यावरचे जुने शहर. परदेशी लोकांना इटालियन शिकवण्यासाठी तेथे 1921 मध्ये वर्ग सुरू झाले आणि 1925 मध्ये त्यांचे रीतसर विद्यापीठ झाले. अठराव्या शतकातल्या एका वाड्यात ते भरते. शेजारीच एट्रुस्कन लोकांनी ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात बांधलेली प्रचंड दगडी वेस. वर्गात पहिल्या दिवसापासून सारा कारभार इटालियनमधून. चिनी, ब्राझिली, इंग्रज, सगळे एकाच नावेत.

पहिला अडसर उच्चारांचा. 'ग्रात्सिए' म्हणजे धन्यवाद. यातल्या अक्षराशी माझी शेजारीण, एक इंग्रज मुलगी, आठवडाभर झटत होती. मला मात्र तो उच्चार ओळखीचा वाटला. तो आपल्या 'चमच्या'तला च! 'चंद्रा'तला निराळा, 'चमच्या'तला निराळा, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. आईच्या मांडीवरच ते येते. डासाला तेथे 'जांजारा' म्हणतात. त्यातले दोन्ही ज 'जहाजा'तले. आणि त, द तर थेट आपलेच, दातांना जीभ लावून म्हणायचे.

मग व्याकरण. इंग्रजीत आवडण्याचे काम 'मी' करतो. इटालियनमध्ये पुस्तक 'मला' आवडते : 'मी प्याचे'. पुस्तके अनेक असली की 'मला आवडतात', म्हणजे 'मी प्याच्चोनो'. क्रियापद पुस्तकांच्या मागे जाते, माझ्या मागे नाही. आईची आठवण यायची झाली तर तीसुद्धा 'मला येते'. 'मी' नुसती बसून असते. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना हे उलटे वाटे, मला सुलटे.

सर्वांत मौजेची गोष्ट आदरार्थी बोलण्याची. परक्या माणसाशी अदबीने बोलायचे तर त्याला 'लेई' म्हणायचे, शब्दशः 'ती'. झुपकेदार मिशांचा पोस्टमनदेखील 'ती'! 'आपली प्रभुता' अशा अर्थाच्या एका जुन्या स्त्रीलिंगी उपाधीवरून ही रीत पडली. वर्गात हशा पिकला. पण "आमची स्वारी अजून आली नाही," असे आजोबांविषयी म्हणणाऱ्या आजीच्या नातीला त्याचे नवल ते काय?

सगळेच असे फुकट मिळाले, असे मात्र नाही. नामाआधी लावायच्या त्या 'इल', 'लो', 'ला'ची घोकंपट्टी करावी लागली. शंका, इच्छा, भीती दाखवणारी क्रियापदांची निराळी रूपे आहेत. त्यांनी तर डोळ्यांतून पाणी काढले. खोलीत इंग्रजी बोलायचे नाही, मोबाईलला भाषांतर विचारायचे नाही, एवढे दोन नेम मी पाळले.

आणि तरीही भाषा 'येते', हे कळायला फेब्रुवारी उजाडावा लागला. माझी घरमालकीण सत्तरीची, एकटीच राहणारी. तिच्या टेबलावर उंब्रियाचा बिनमिठाचा पाव असे आणि मी त्याला माझे लिंबाचे लोणचे लावून खात असे. त्याकडे ती संशयाने बघे. एके रात्री ती जिन्यावरून घसरली. घोटा वाकडा झालेला, चेहरा पांढराफटक. मी रुग्णवाहिकेसाठी 118 फिरवला. टेलिफोनवर हातवारे चालत नाहीत. शुद्धीवर आहे का? श्वास कसा आहे? रक्त? कितवा मजला? गल्ली अरुंद आहे, गाडी कुठवर येईल? मी एकामागून एक उत्तरे देत गेले. रुग्णवाहिका निघाल्याचे कळले, फोन ठेवला, आणि मग ध्यानात आले की, मनात एकही वाक्य आधी जुळवले नव्हते.

प्लास्टर घालून ती परतली तेव्हा म्हणाली, "दाम्मी देल तू." म्हणजे, मला 'तू' म्हण. इतके महिने आम्ही दोघी एकमेकींना 'लेई' म्हणत होतो. सत्तरीच्या बाईला 'तू' म्हणायला परदेशी मुली बिचकतात म्हणे. मी बिचकले नाही. आमच्या घरी बाबांना 'अहो' आणि आईला 'अगं'.

पुढे स्वयंपाकघरातल्या गप्पांत तिने सांगितले, "इटालियन मलासुद्धा शाळेत शिकावी लागली. घरी आमची गावचीच बोली." 1861 मध्ये इटली एक राष्ट्र झाले, तेव्हा इटालियन बोलणारे लोक शेकडा अडीचच असावेत, असा तुल्लिओ दे माउरो या भाषापंडिताचा अंदाज आहे. 1960 मध्ये तेथील दूरचित्रवाणीवर प्रौढांना अक्षरओळख करून देणारा एक कार्यक्रम सुरू झाला. 'उशीर असा कधी होतच नाही' अशा अर्थाचे त्याचे नाव. शाळेने, वर्तमानपत्रांनी, दूरचित्रवाणीने मिळून ते राष्ट्र एका भाषेत बोलू लागले. पण माझ्या घरमालकिणीने घरची बोली टाकली नव्हती. बहिणीशी फोनवर ती बोलीतच भांडायची.

इंग्रजी नकोच, असे मी म्हणणार नाही. व्हिसाचे अर्ज तिनेच भरले. पण मुलाला इंग्रजी यावी म्हणून घरातली मराठी बंद करणारे आईबाप भेटतात, तेव्हा मला त्या इंग्रज शेजारणीची धडपड आठवते. एकाच भाषेच्या माणसाला दुसरी भाषा भिंतीसारखी वाटते. दोन-तीन भाषांत वाढलेल्याला प्रत्येक भिंतीत कुठेतरी ओळखीचे दार सापडते.

तेव्हा मुलामुलींना परदेशी अवश्य पाठवा. बॅगेत चिवडा-लाडू भरालच. त्यांच्याबरोबर घरची मराठीही जाऊ द्या. विमानात तिचे वजन धरत नाहीत.