काळा कोट की खडू?

१९७९ साली चार कायदा प्राध्यापकांनी थेट सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या मुलीवर झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले होते. त्या निकालातील तर्क या चौघांनी मुद्देसूद खोडून काढला. देशभर आंदोलन पेटले आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. वकीलपत्र न घेता साधलेले हे काम!

तरीही हुशार विद्यार्थी अध्यापनाकडे वळताना दिसतात कमीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवत, १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य झाले. हे अभिमानाने सांगणारे पालकसुद्धा स्वतःच्या मुलीला कोर्टाचा किंवा कंपनीचाच रस्ता दाखवतात.

वाट सोपी नाहीच. एलएलएम, मग नेट किंवा सेट. वकिली पूर्ण सोडायची नसेल, तर दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा वकिलांना नियमाने आहे. अनुभवी वकील वर्गात आला की पुराव्याचा कायदा एकदम जिवंत होतो, हेही खरे.

खरी अडचण पुढे येते. पात्रता मिळवूनही महाराष्ट्रात अनेकांच्या वाट्याला तासिका तत्त्वावरची नेमणूक येते. उन्हाळी सुट्टीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. इतरांना कामगार कायदा शिकवणाऱ्यांची ही स्थिती विद्यापीठांना खटकायला हवी.