वैद्यकीय प्रवेशाची चाळणी कोणासाठी?

रत्नागिरीत २०२३ साली शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे सिंधुदुर्ग आणि अलिबाग येथे अशीच महाविद्यालये निघाली होती. मुंबई-ठाण्याचा पट्टा वगळला तर स्वातंत्र्यानंतरची सात दशके कोकणाच्या वाट्याला एकही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलेले नव्हते. डेरवणचे ग्रामीण महाविद्यालय २०१५ साली निघाले, ते खासगी न्यासाचे. मांडवीतील माणसाच्या छातीत कळ आली आणि जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञ नसला, तर आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे. सावंतवाडीच्या रुग्णाने बांबोळीला, म्हणजे परराज्यात जायचे. आणि पावसाळ्यात घाटात दरड कोसळली तर दैवावर हवाला ठेवायचा, हा येथील जनतेचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. तेव्हा नव्या महाविद्यालयाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु महाविद्यालय गावात आले म्हणजे त्याचे दार गावातील मुलांना उघडले, असे मात्र नव्हे. त्या शंभर जागांवर कोण बसणार हे रत्नागिरीत ठरत नाही आणि मुंबईतही बव्हंशी ठरत नाही. त्याचा निकष दिल्लीत ठरतो. हा निकष कोणाच्या सोयीने ठरतो, याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने केला पाहिजे, कारण ‘नीट’ परीक्षेविषयी आपल्यापैकी पुष्कळांची चर्चा पेपरफुटीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते.

पेपरफुटी गंभीर होतीच. ५ मे २०२४ रोजी तेवीस लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे सदुसष्ट विद्यार्थी निघाले. पाटणा आणि हजारीबाग येथे प्रश्नपत्रिका आधीच बाहेर गेल्याचे उघड झाले. आपल्या लातूरमध्येही गुन्हा नोंदला गेला आणि शिक्षकांवर आरोप झाले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै रोजी परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. दरम्यान केंद्राने गैरप्रकारविरोधी कायदा अंमलात आणला. संघटित गुन्ह्यास दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड, अशी त्यात तरतूद आहे. चोर पकडावेत, त्यांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत नाही. परंतु उद्या प्रश्नपत्रिका सात कुलुपांत राहिली, एकही पान बाहेर गेले नाही, तरी ही व्यवस्था न्याय्य ठरेल काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण गुन्हेगारीत नसून परीक्षेच्या अर्थशास्त्रात आहे.

२०२४ चाच हिशेब घ्या. परीक्षा दिलेल्या तेवीस लाखांपैकी सुमारे तेरा लाख मुले ‘पात्र’ ठरली. देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. एका जागेमागे बारा पात्र! असे का व्हावे? कारण पात्रतेची रेषा गुणांवर आखलेली नाही, ती पर्सेंटाइलवर आखलेली आहे. खुल्या वर्गासाठी पन्नासावे पर्सेंटाइल म्हणजे, सगळा वर्ग कितीही कच्चा निघाला तरी त्यातील वरचा अर्धा भाग पात्र. त्या वर्षी ही रेषा ७२० पैकी १६२ गुणांवर आली. आता दुसरी बाजू पाहा. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयात खुल्या वर्गातील मुलाला जागा मिळण्यासाठी त्याच वर्षी सहाशेहून अधिक गुण लागले. मग १६२ आणि ६०० यांच्यामधल्या प्रचंड दरीत उभी असलेली लाखो मुले कशासाठी पात्र ठरवली? खासगी महाविद्यालये आणि अभिमत विद्यापीठे यांच्या जागांसाठी. देशातील निम्म्याच्या आसपास जागा त्यांच्याकडे आहेत, आणि काही अभिमत विद्यापीठांचे वार्षिक शुल्क वीस लाखांच्या पुढे आहे. साडेपाचशे गुणांची खारव्याची मुलगी ते शुल्क पाहून मागे फिरते आणि तीनशे गुणांचा सधन मुलगा तीच जागा घेतो. दोघेही ‘राष्ट्रीय गुणवत्ता यादी’तच असतात. पूर्वी देणगीच्या थैल्या टेबलाखालून जात, आता त्याच रकमेची छापील पावती मिळते, एवढाच फरक पडला आहे.

पदव्युत्तर प्रवेशात तर उरलासुरला पडदाही गळून पडला. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने नीट-पीजीची पात्रता सर्व वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र. कारण काय, तर जागा रिकाम्या राहतात! माल खपला नाही की दुकानदार किंमत उतरवतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातले तत्त्व आहे. येथे किंमत तशीच ठेवून गुणवत्तेची अट उतरवण्यात आली. मागासवर्गीयांच्या आरक्षणाने गुणवत्ता बुडते असा आक्रोश गेली चाळीस वर्षे करणारी मंडळी त्या दिवशी कोठे होती, हे विचारण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

आता हे अधिकार दिल्लीत कसे एकवटले तेही पाहू. शिक्षण हा मूळ घटनेत राज्यांचा विषय होता. आणीबाणीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला, आणि आणीबाणी उठली तरी तो तेथेच राहिला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा सांभाळण्यासाठी १९५६ च्या कायद्याखाली भारतीय वैद्यक परिषद होती. तिच्या अध्यक्षालाच २०१० मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली आणि परिषद बरखास्त झाली. २०१३ साली ‘नीट’ प्रथम झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती बहुमताने घटनाबाह्य ठरवली, आणि २०१६ साली तो निकाल न्यायालयानेच मागे घेतला. महाराष्ट्राची सीईटी त्या वर्षी अध्यादेशाच्या आधाराने कशीबशी झाली, ती वैद्यकीय प्रवेशासाठी अखेरची. पुढे २०१९ च्या कायद्याने राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला व २५ सप्टेंबर २०२० पासून कामाला लागला.

जुन्या परिषदेत डॉक्टरांनी आणि विद्यापीठांनी निवडून दिलेले सदस्य तरी असत. नव्या तेहेतीस जणांच्या आयोगात जवळजवळ सर्वच पदसिद्ध अथवा नियुक्त आहेत. राज्यांचे प्रतिनिधी पाळीपाळीने येतात आणि रुग्णांच्या बाजूने बोलणाऱ्याला एखादी खुर्ची मिळाली तर मिळाली. निवडणुकीने भ्रष्टाचार येतो, नियुक्तीने तो जाईल, हे या बदलामागचे तत्त्वज्ञान होते. २०२५ च्या मध्यास सीबीआयने नोंदवलेल्या गुन्ह्यात आरोग्य मंत्रालयातील अधिकारी, तपासणीस नेमलेले डॉक्टर आणि खासगी महाविद्यालयांशी संबंधित माणसे यांची नावे आहेत. तपासणीची गुप्त माहिती आगाऊ पोहोचवणे, लाच देणे-घेणे, भाडोत्री अध्यापक उभे करणे, असे आरोप आहेत. ते न्यायालयात सिद्ध होतील तेव्हा होतील. पण परवान्याची किंमत कोट्यवधीत असेल आणि परवाना देणारी खिडकी देशात एकच असेल, तर त्या खिडकीशी काय चालेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शुल्काच्या बाबतीत या कायद्याने खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांसाठी आयोगाला ‘मार्गदर्शक तत्त्वे’ आखण्याचे काम दिले. उरलेल्या निम्म्या जागांबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

काही मित्र म्हणतील, मग जुनी राज्याची पद्धत परत आणा. आम्ही तसे म्हणत नाही. जुन्या काळाचे सोवळे आम्हांला ठाऊक आहे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मुक्तद्वार दिले आणि सहकारसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले. १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला, यातच सर्व आले. १९८६ साली तर मुलीच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या प्रकरणी उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकरांना खुर्ची सोडावी लागली. महाविद्यालयागणिक वेगळी परीक्षा, वेगळा अर्ज आणि वेगळी थैली या जाचातून एका सामायिक परीक्षेने मुलांना सोडवले, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. म्हणून परीक्षा असावी. पण परीक्षा हे प्रवेशाचे एकमेव माप असावे आणि ते माप दिल्लीनेच धरावे, ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि तीही पहिल्याबरोबर आपसूक मान्य होतात असे भासवले जाते.

या एकमेव मापाने शाळेचे काय केले पाहा. प्रवेशासाठी बारावीचे महत्त्व आता किमान टक्केवारीपुरते उरले आहे, खुल्या वर्गाला पन्नास आणि राखीव वर्गाला चाळीस. साहजिकच ज्याला परवडते तो मुलगा कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता दाखल होतो आणि दोन वर्षे लातुरात, नांदेडात किंवा थेट कोट्यात काढतो. शिकवणीचे शुल्क, खोलीभाडे, खानावळ यांचा खर्च लाखांत जातो आणि पहिल्या खेपेस यश न आले तर वर्ष ‘गाळून’ पुन्हा तेवढाच. लांजा-राजापूरच्या वाडीतील मुलगी दहावीपर्यंत मराठीत शिकते, अकरावीला विज्ञान एकदम इंग्रजीत समोर येते, प्रयोगशाळेत शिक्षक तासिका तत्त्वावरचा, आणि वर्षअखेरीस तिची तुलना त्या दोन वर्षांच्या सरावाशी. परीक्षा मराठीतून देता येते हे खरे. परंतु मराठीतून तयारी कोठे करावी, याचे उत्तर परीक्षा घेणारी संस्था देत नाही. सारख्या प्रश्नपत्रिकेने समान संधी मिळते असे मानणे म्हणजे मचव्याला आणि यांत्रिक बोटीला एका रेषेत उभे करून शर्यत लावण्यासारखे आहे.

प्रादेशिक न्यायाचा प्रश्नही असाच अर्धवट सोडवला गेला. महाराष्ट्रात ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग, आणि सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील मुलांना. महाविद्यालये कमी असल्याने मराठवाड्याच्या मुलांवर त्यात अन्याय होई, म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झाले. मराठवाड्याची तक्रार खरी होती. कोकणाची मात्र कोणी दखलही घेतली नाही. कोकण ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे मुंबई-पुण्याच्या जोडीला बांधलेले, त्या सूत्राने ना आम्हांला संरक्षण दिले, ना त्याच्या जाण्याने आमचे काही गेले. विभाग हे एककच मुळात चुकीचे होते. मागासलेपण तालुक्यात असते, शाळेत असते, घरात असते.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा करून शासकीय शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या आणि उच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. ही मुलेही नीट देतात. स्पर्धा मात्र आपल्यासारख्यांशी करतात. महाराष्ट्र शासनाला असा कायदा करण्यास कोणाची आडकाठी आहे? आपल्याकडे जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांचे जाळे मोठे असल्याने तो येथे अधिकच शोभेल. दुसरी मागणी केंद्राकडे: पात्रतेची रेषा पर्सेंटाइलवर न ठेवता निश्चित किमान गुणांवर ठेवावी आणि खासगी जागा रिकाम्या राहिल्या तर रेषा खाली न आणता शुल्क खाली आणावे.

तिसरी गोष्ट पदवी मिळाल्यानंतरची आहे, आणि ती आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. शासकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या एम.बी.बी.एस. डॉक्टराने एक वर्ष सरकारी सेवा करावी, अन्यथा दहा लाख भरावेत, असे बंधपत्र राज्यात आहे. खासगी व्यवसायाच्या आशेपुढे दहा लाख ही ऐपतवाल्याला सूट वाटते, दंड नव्हे. त्याउलट प्राथमिक आरोग्य केंद्रात इमानाने राबणाऱ्या डॉक्टराला पदव्युत्तर शिक्षणात राखीव जागा दिल्या तर तो टिकतो. राज्यांना तसे करण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. दुर्गम तालुक्यातील सेवेला त्यात अधिक वजन मिळाले पाहिजे. मंडणगडातील तीन वर्षे आणि ठाण्यालगतची तीन वर्षे एका तराजूत तोलली जाऊ नयेत.

आणि रत्नागिरीतील कार्यकर्त्यांसाठी एक काम आहे, ज्याला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. नव्या शासकीय महाविद्यालयात प्रत्येक विभागात अध्यापकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती, आणि इतर जिल्ह्यांतून तात्पुरते बदलून आणलेले किती, ही माहिती माहिती अधिकाराखाली दर सहा महिन्यांनी मागवावी. जिल्हा रुग्णालयातून कोल्हापूर-मुंबईला पाठवलेल्या रुग्णांची संख्या विभागवार त्याबरोबर मागावी. दोन्ही तक्ते शेजारीशेजारी ठेवून मांडवीच्या धक्क्यावर, मिरकरवाड्यात, एस.टी. स्थानकात फलकावर लावावेत, आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीच्या दिवशी पालकमंत्र्यांच्या हाती त्यांची प्रत द्यावी.